पांढऱ्या रश्श्याचा खटला

मी कॉलेजात इतिहास शिकवते. युरोपातल्या चेटकिणींच्या खटल्यांवर आले, की पेंगणारा वर्गसुद्धा जागा होतो. शेजारच्या घरी दूध नासलं, लोणी येईना, की एखाद्या म्हातारीला धरायचं. काही ठिकाणी तर हातपाय बांधून पाण्यात टाकायचं. तरंगली तर चेटकीण, बुडाली तर निर्दोष. पोरं हसतात, "मॅडम, लईच येडी हुती की ती माणसं!" मीही हसायचे.

मग गेल्या वर्षी आमच्या अपार्टमेंटचं आखाडाचं जेवण झालं. आमच्याकडं असलं मटण गच्चीवर शिजतं आणि ते पुरुषच शिजवतात. सेक्रेटरींना तर आपल्या पांढऱ्या रश्श्याची भारी घमेंड. नारळाचं दूध घातल्यावर आच मंद करायची सोडून हे गडी सेल्फी काढत बसले. खाली जाळ भडकलेला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मावशी पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "झ्याक झालाय की!" आणि रस्सा फुटला.

"नजर लागली!" सेक्रेटरी गरजले. जाळाचं नाव कुणी काढलं नाही. यंदा ठरलं, की मावशींना वर बोलवायचं नाही, डबा घरी पाठवायचा.

माझं डोकंच फिरलं. मी तडक मावशींच्या दारात. "चला वर."

"नगं गं बाई. माझ्यापायी समद्यांचं जेवण कशाला नासवायचं?"

मी ऐकते कसली! दंडाला धरून त्यांना गच्चीवर नेलं, पातेल्यासमोर उभं केलं आणि शेगडी स्वतः बारीक केली. "आता बघा. आणि मोठ्यानं म्हणा, झ्याक झालाय." सेक्रेटरींनी झाकण ढालीसारखं छातीशी धरलं.

मावशी कशाबशा म्हणाल्या. रस्सा ढिम्म हलला नाही.

"फुटंल कसा?" सेक्रेटरी म्हणाले. "मी सकाळीच शेगडीला लिंबू-मिरची बांधलीया!"

म्हणजे फुटला तर मावशी, नाही फुटला तर लिंबू! असला संताप आला, की मी भांडायला पुढं सरसावले. मावशींनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"खरंच न्हाय फुटला गं," त्या पुटपुटल्या. खालच्या मजल्यावरचं बाळ रांगायला लागलं होतं, तरी त्या अजून त्याला बघायला गेल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मग आता जाऊ का गं मी खालच्या बाळाला बघायला?"