शेवटच्या तारेवरचा ठिपका

माझ्या आत्याने आयुष्यात कधी मोटारसायकल चालवली नाही. पण ज्या स्पोर्ट मोटारसायकलची चाळिशी कंपनीने गेल्या महिन्यात थाटात साजरी केली, तिच्या सुरुवातीच्या कितीतरी गाड्यांच्या चाकांतल्या स्पोकच्या तारा आत्याने हाताने आवळल्या आहेत. हे मी ओरडून सांगतेय, कारण कंपनी सांगणार नाही.

त्याआधी मोटारसायकल म्हणजे गॅसची टाकी आणि बायकोमुलं वाहून नेणारं मुकं जनावर. ही आली ती हँडल खाली, सीट उतरती, चालवणारा पेट्रोलच्या टाकीवर ओणवा. शर्यतीच्या गाडीसारखी गाडी साध्या पगारदाराच्या दारात उभी राहिली, ती पहिल्यांदा. पुढे तिची पाच मॉडेलं आली, पोरांनी भिंतीवर तिची चित्रं लावली. पण त्याआधी चार महिने ती कारखान्यातच अडून बसली होती. शंभरच्या पुढे गेली की मागचं चाक डुलायचं. चाचणी घेणारे दोघे आपटले, एकाचं खांद्याचं हाड मोडलं. साहेबलोकांनी चेसिस तीनदा बदलली.

आत्या चाकांच्या विभागात होती. पान्याच्या मागच्या टोकाने प्रत्येक तारेवर टकटक करून ती कान द्यायची, म्हणून तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. आपटलेल्या गाडीचं चाक तिने वाजवून पाहिलं आणि साहेबांना म्हणाली, "चेसिसला कशाला छळताय? तुमचं नवं यंत्र दोन्हीकडच्या तारा सारख्याच आवळतंय. साखळीकडे ताण जास्त लागतो." तिने चाक हाताने बांधून दिलं आणि गाडी सरळ धावली. तेव्हापासून चाक पुरं झालं की शेवटच्या तारेवर ती नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची. काही बिघडलं तर मला विचारा, असा त्याचा अर्थ.

पुढे बिनतारांची, अलॉयची ओतीव चाकं आली, विभाग बंद झाला आणि डॉक्टरीणबाईंना सीटा खोक्यात भरायला बसवलं.

चाळिशीसाठी कंपनीने इतिहासाचं दालन उघडलं, ते बघायला मी आत्याला घेऊन गेले. मधोमध पहिली गाडी, शेजारी फलक: 'मागच्या चाकातील दोष परदेशी तज्ज्ञांच्या सल्ल्याने दूर झाला.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या चार महिन्यांत एकच परदेशी माणूस आला होता, आणि तो रंगाचे नमुने घेऊन!

आत्या तिथल्या तरुण मॅनेजरला शांतपणे म्हणाली, "बाळा, ती ओळ तेवढी बदल. माझं नाव नको. 'चाक-विभागातल्या कामगाराने' एवढंच लिही."

"आजी, काहीतरी पुरावा हवा ना."

"चाकावर आहे की." ती गुडघा धरून वाकली. ठिपका नव्हता.

"जुन्या तारा गंजल्या होत्या, आम्ही सगळ्या नव्या घातल्या," तो अभिमानाने म्हणाला.

आत्याने पर्समधून घराची किल्ली काढली. टक, टक, टक. तिचा चेहरा बदलला. "ही कोण चालवणार आहे?"

"उद्या आमचे जुने रेसर. सगळ्यांसमोर, ट्रॅकवर."

"नको. साखळीकडच्या तारा ढिल्या आहेत. तीच जुनी चूक."

त्याने घाईघाईने चार फोन केले. एवढ्या मोठ्या कारखान्यात तारा आवळता येणारं कोणीही उरलं नव्हतं. मग स्वारी पाना घेऊन आली. "आजी, तेवढं बघता का?"

"आत्या, हात लावू नकोस!" मी म्हणाले. "आधी फलक बदलू दे."

"आणि तोवर कोणी बसला तर? हाड काय फलकाचं मोडणार आहे?"

बहात्तराव्या वर्षी ती दोन तास फरशीवर बसून होती. उठताना तिने माझ्याकडे नेलपॉलिश मागितलं. लाल नव्हतं, जांभळं होतं. "चालेल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी सुसाट आणि सरळ धावली. निवेदकाने परदेशी तज्ज्ञांचे आभार मानले. सगळे टाळ्या पिटत होते. आत्या चाकाकडे कान देऊन उभी होती. "बरोबर वाजतंय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

फलक अजून तोच आहे. मी दर रविवारी तिकीट काढून आत जाते आणि दिसेल त्या माणसाला वाकून मागचं चाक बघायला लावते.