चहावर साय धरेपर्यंत

मी आज नवी मुंबईत, महाप्यात टिकून आहे तो आमच्या प्रश्नवाल्या ताईंमुळे, हे आधी सांगून टाकतो. काय झालं ते मागाहून. ताई मानसशास्त्राच्या संशोधक. नाव त्यांना होतंच, पण आमच्या तळघरात ते कुणी वापरलं नाही. अख्ख्या ठाणे-बेलापूर रोडवर प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणारं दुसरं माणूस माझ्या पाहण्यात नाही. बाकीचे ‘काय, बरंय ना?’ म्हणतात आणि आपण ‘बरंय’ म्हणेपर्यंत पुढे गेलेले असतात. ताई प्रश्न विचारून गप्प बसत. समोरच्या चहावर साय धरली तरी गप्प. एकदा गेटबाहेरच्या वडापाववाल्याला त्यांनी विचारलं, ‘आज कसं वाटतंय?’ आणि थांबल्या. मागे आठ-दहा माणसं खोळंबलेली. तो आधी ‘मस्त’ म्हणाला, मग ‘ठीक’ म्हणाला, मग झारा खाली ठेवून सख्ख्या भावाने दोन वर्षं तोंड दाखवलं नाही ते सांगायला लागला. कढईतले वडे करपले. ताईंनी ते करपलेलेच मागून घेतले आणि उभ्याने खाल्ले.

दुसरी खोड म्हणजे त्या दिसेल त्याला सर म्हणत. वॉचमन सर, लिफ्टमन सर, पाण्याचे जार आणणाराही सर. मी पाटणकडचा, सातवीत शाळा सोडलेला, इथे एका आयटी कंपनीच्या इमारतीत साफसफाईला, आमचा अड्डा तळघरात. पहिल्यांदा त्या ‘सर, दोन मिनिटं?’ म्हणाल्या तेव्हा मागून कुणी साहेब येत असतील म्हणून मी पोछा घेऊन बाजूला झालो. मागे नुसती भिंत होती.

त्यांचं काम होतं कंपनीच्या एका ॲपवर. माणसाच्या मनाची तब्येत मोबाईलने विचारायची आणि बरी नसेल तर मोबाईलनेच धीर द्यायचा. ताईंचं म्हणणं, हे ॲप शिकलंय ते एकाच तऱ्हेच्या माणसांच्या बोलण्यावर, आमच्यासारखं कुणी त्याने ऐकलेलंच नाही. म्हणून त्या जनरेटरशेजारी उभ्या राहून त्याला आमच्या बोलीत सांगून बघायच्या, ‘कशातच जीव लागंना बघ.’ ॲप कमळाचं चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, ‘दीर्घ श्वास घ्या.’ ‘इथं?’ ताई डिझेलच्या धुरात खोकत त्याला विचारायच्या. ‘तू ये खाली, तू घे!’

मग ते ॲप वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत सगळ्यांना दिलं. आमचे सुपरवायझर जवळच्याच गावचे. कंपनी उभी आहे तिथे त्यांच्या आज्याची भातशेती होती, त्यामुळे इमारत ते घरच्यासारखी सांभाळतात. आम्ही ॲप भरताना ते आमच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. ‘झोप लागत नाय का? दाबा, अजिबात नाही. टेन्शन हाय का? अजिबात नाही. कंपनीला टेन्शनवाली मानसं नको हायत, समजला?’ आम्हालाही ते पटलं. कामावर लागताना फॉर्मवर ‘काही आजार?’ म्हणून विचारतात, तिथे जे लिहितात तेच इथे लिहायचं, एवढंच आम्हाला कळलं. आठवड्याने निकाल आला. वरच्या मजल्यांवर, काचेच्या खिडक्यांपाशी, कुणी बेचैन, कुणी उदास. आणि बिनखिडकीचं आमचं तळघर मात्र साऱ्या इमारतीत सुखी. ताई कागद घेऊन खाली आल्या. पाइपांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. ‘सर, एवढं सुख तुम्ही आणता कुठून?’

सगळे हसले. मीही हसलो. माझं सुख तेव्हा असं होतं की लिफ्टचं दार बंद झालं की छातीत धडधड सुरू आणि तळहातांना घाम. आपलं हृदय कामातून गेलं असं मी ठरवून टाकलं होतं. सांगावं तर काम जाईल, न सांगावं तर जीव जाईल. दिघ्याच्या खोलीवर बॅग भरून ठेवली होती. महिना भरला की गाव गाठायचं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला टपरीवर बसवलं. कागद नाही, मोबाईल नाही, सुपरवायझर नाहीत. ‘सर, घरी फोन करता तेव्हा कुठली गोष्ट सांगत नाही?’ एवढं विचारलं आणि बसल्या. मी तीनदा ‘काय नाय’ म्हणालो. चहावर साय धरली. मग मी सगळं सांगितलं, लिफ्ट, घाम, बॅग. ताई म्हणाल्या, ‘आधी छाती तपासून घेऊ. मन काही पळून जात नाही.’ सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत निघालं. त्यानंतर दर गुरुवारी अर्धा तास त्या झाडू-बादल्यांच्या खोलीत माझ्याशी बोलत. धडधडीला हळूहळू लिफ्टचा कंटाळा आला. बॅग मी रिकामी केली. ताईंनी कंपनीत कुणाला चकार शब्द सांगितला नाही, पण एका गुरुवारी सुपरवायझरच दारात घोटाळताना दिसले. ‘ताई, मलापन दोन मिन्टं द्या ना.’

पुढे ताईंनी मला वर्गात नेलं. समुपदेशन शिकणारी मुलं-मुली, सगळी नीटनेटक्या घरांतली. ‘आज शिकवायला सर आलेत,’ म्हणाल्या. मी पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं. एका मुलीने कागदावरून मला प्रश्न विचारला आणि मधेच मनगटाकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘बाई, घड्याळ बघू नका. घड्याळ बघणाऱ्याला आम्ही ठीक आहे म्हणून मोकळं करतो.’ सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. सातवीनंतर मी वर्गात बसलो नव्हतो. एकदम फळ्याच्या बाजूनेच गेलो.

आता ताई न्हावा शेव्याला बंदरावर असतात, ट्रकड्रायव्हरांना सर म्हणत असतील. ॲपमध्ये टपरीवरचा तो प्रश्न जसाच्या तसा आलाय, आणि आम्ही खरं असेल तेच बटण दाबतो. पण ताईंच्या इथल्या शेवटच्या दिवशीचं एक डोक्यातून जात नाही. ताई गेटपाशी बसून फोनवर बोलत होत्या. ‘हो आई, जेवले. मजेत आहे गं.’ डबा मांडीवर तसाच बंद. फोन ठेवून त्या कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. मला पुढे व्हायला धीर झाला नाही. ते एक राहून गेलं, आणि ते मी फेडणार आहे. एक दिवस न्हावा शेव्याला जाईन, त्यांना टपरीवर बसवीन, चहा सांगीन आणि विचारीन, ‘ताई, घरी फोन करता तेव्हा कुठली गोष्ट सांगत नाही?’ मग गप्प बसेन. त्या तीनदा ‘काही नाही’ म्हणतील. म्हणू देत. मी साय धरेपर्यंत हलणार नाही.