भरदुपारची हाळी

"आणखी एकदा. पण या वेळी जरा वाकून."

असं माझे प्रोफेसर म्हणाले. माझ्या बापाला. पाटलाच्या दारासमोर, डोक्यावर ऊन, आणि बा उभा. खांद्यावर घोंगडं, हातात येसकराची घुंगुरकाठी. डोक्याचं फडकं त्यांनी काढायला लावलं होतं, कवटीचा आकार नीट दिसावा म्हणून. बा वाकला. कॅमेरा खटकला. माझ्या वर्गातली पोरं पाटलाच्या ओट्यावर बसून कपबशीतून चहा पिऊन राहिली होती. मी खाली मातीत, बाच्या शेजारी. वर्गात मी त्यांच्याच बाकावर बसायचो. पण इथं ओटा मला न्हाई. प्रोफेसरांनी ते बघितलं आणि पोरांना म्हणाले, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, परीक्षेत उपयोगी पडेल.

मी पुसेगावच्या पल्याडच्या एका खेड्यातला. महारवाड्यातला. मुलूख निजामाचा. वाशीमला मावशीकडं राहून मॅट्रिक झालो आणि स्कॉलरशिपवर इंग्रजांच्या ताब्यातल्या मुलखातल्या एका कॉलेजात गेलो. तिथं एक विषय मिळाला. आशिया आणि आफ्रिकेतली माणसं, त्यांचे समाज, त्यांच्या बोल्या. शिकवणारे प्रोफेसर विलायतेहून आलेले, पुस्तकी मराठी बोलणारे. भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि तिच्यावर उजेडानं फोटो पाडायचे. अरबस्तानातले उंटवाले. मलायातले कोळी. आफ्रिकेतल्या गावांतले बाजार. मला त्या विषयाचं वेड लागलं. खोटं काहून बोलू? जग एवढं मोठं हाय आणि त्यात आपल्यासारखी इतकी माणसं हायेत, हे मला पहिल्यांदा तिथंच कळलं. मी अरबी शिकायला लागलो. स्वाहिलीतले शब्द चालता चालता घोकायचो.

एक फोटो मात्र मनातून गेला न्हाई. आफ्रिकेतला एक माणूस, अंगावर कपडा न्हाई, बाजूला उंची मोजायची लोखंडी पट्टी उभी केलेली. सगळे कॅमेऱ्याकडं बघतात, हा बाजूला बघत होता. कोण उभं असेल तिथं? मी वर्गात विचारलं, "सर, याचं नाव काय?"

पोरं हसली. प्रोफेसरही हसले.

"नावाचा इथं काय संबंध? तो नमुना आहे."

पुढं एकदा रीतीभातींवर बोलणं चाललं होतं. मी उठून आमच्या येसकराची, म्हणजे गावकीची कामं करणाऱ्या महाराची, रीत सांगितली. दिवस मावळताना येसकर घुंगुरकाठी वाजवत गावात फिरतो, दारोदार हाळी देतो, भाकर वाढा माय. ती भाकर म्हणजे त्याच्या वर्षभराच्या राबण्याचा मोबदला, भीक न्हाई. हे मी ठासून सांगितलं. प्रोफेसरांचे डोळे चमकले. म्हणाले, वा, मग आपल्याला आफ्रिकेपर्यंत जायला नको. वर्ग पुन्हा हसला. थंडीच्या सुट्टीत मोटार करून माझ्याच गावाला जायचं ठरलं.

कनेरगाव नाक्यावर निजामाच्या शिपायांनी मोटार अडवली. त्या हिवाळ्यात मुलखाची हवा बिघडली होती. इंग्रज जाणार, मग निजामाचं काय, हे जो तो हळू आवाजात बोलून राहिला होता. नाक्यावर बंदुका वाढल्या होत्या. शिपाई एकेकाचं नाव विचारत होता. प्रोफेसर सगळ्यांची नावं सांगत गेले, आडनावासकट. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "हा इथलाच. महार." शिपायानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई, हात हलवून मोटार पुढं सोडली.

गावात पोचलो तर गाव गप्प होतं. पाटलाचा थोरला लेक मुदतीच्या तापात होता, वैद्यानं हात टेकले होते. तरी शहरातले साहेब आले म्हणून पाटलानं चहा सांगितला, फोटो काढायला होकार दिला आणि लेकाच्या उशाशी जाऊन बसला. प्रोफेसरांनी पेटीतून कवटी मोजायचा लोखंडी चिमटा काढला, दोन वाकड्या पायांचा. तो बाच्या डोक्याला लावला. कानापासून कानापर्यंत. बानं डोळे मिटून घेतले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, ये, बापलेकाची तुलना करता येईल. गार लोखंड माझ्या कपाळाला लागलं. ओट्यावरच्या एकानं विचारलं, सर, शिक्षणानं फरक पडतो का? सगळे हसले. माय दूर बाभळीखाली उभी राहून बघत होती. तिला वाटत होतं, पोराचा काहीतरी सन्मान चाललाय.

मग प्रोफेसरांना हाळी पाहिजे झाली. आत्ता. दुपारी. संध्याकाळी उजेड पुरत न्हाई आणि त्यांना मुक्कामाला वाशीम गाठायचं होतं.

आमच्या गावची रीत अशी, की येसकर भाकरीची हाळी मावळतीलाच देतो. भरदुपारी कुणाच्या दारात घुंगुरकाठी वाजली तर तिचा अर्थ एकच. त्या घरचं माणूस गेलं. मौतीची खबर गावाला द्यायचं कामही येसकराचंच, त्याच काठीनं. आणि हे दार पाटलाचं, आत तरणा लेक तापात.

मी हे सगळं प्रोफेसरांना सांगितलं. बराबर समजावून सांगितलं, हात जोडून सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा खुलत गेला. म्हणाले, अरे, मग तर उत्तमच, लोकांची प्रतिक्रियाही टिपता येईल. आणि थेट बालाच म्हणाले, "वाजवा."

मी म्हणालो, "बा, नगं."

बा माझ्याकडं वळला. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

"तुह्या शिक्शनाचंच हाय ना हे?"

मी मान हलवली, न्हाई म्हणून. दोनदा हलवली. पण बानं माझं ऐकलं न्हाई. त्याच्या डोक्यात एकच होतं, साहेब नाराज झाले तर लेकराची शाळा बुडंल. त्यानं काठी आपटली. घुंगरं वाजली.

आतून आधी एक बाई ओरडली. मग दुसरी. बघता बघता घरभर आकांत उठला. शेजारच्या बाया दारात आल्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर पोरगं. गडी रानातून पळत आले. पाटील बाहेर आला, डोक्याला पागोटं न्हाई, पायात वहाण न्हाई. त्याला वाटलं आपण उठून दाराशी येईस्तोवरच लेक गेला. आत जाऊन बघून आला. लेक जिता होता. आणि मग त्याची नजर बावर गेली.

पाटलाच्या धाकट्या लेकानं बाच्या हातातली काठी हिसकली आणि बाच्या पाठीत घातली. बा बसला. परत घातली. घुंगरं दर वेळी वाजत होती. मी मधी पडलो, एक माझ्या खांद्यावर आली. ओट्यावरची पोरं उठून मोटारीकडं पळाली. आणि कॅमेरा? तो खटकतच होता.

"काय म्हणतायत ते?" प्रोफेसर माझ्या कानाशी. "शब्दन् शब्द सांग. मुद्दाम गावठी बोलतायत, मला नीट कळत नाही."

बाच्या तोंडातून रक्त आलं होतं. त्याची मान बाजूला वळली होती, बाभळीखाली माय उभी होती तिकडं. तेव्हा मला तो आफ्रिकेतला माणूस कळला. त्याच्याही बाजूला कुणीतरी त्याचंच उभं असेल. त्याचा बाप, न्हाईतर बायको, न्हाईतर लेकरू.

"सांग ना!"

"न्हाई सांगत."

कॉलेजात गेल्यापासून त्यांच्याशी बोलताना मी माझी बोली कधी काढली नव्हती. त्या दिवशी काढली. प्रोफेसर माझ्याकडं असे बघायला लागले, जणू दगडानंच तोंड उघडलं. मग गळ्यातला कॅमेरा सावरत म्हणाले, मूर्खपणा करू नकोस, मोटारीत बस, तुझी स्कॉलरशिप माझ्या सहीवर चालते.

मी पुन्हा तेच म्हणालो. मोटार धूळ उडवत गेली. तिच्यात माझी जागा रिकामी होती.

दिवस कलला तसं चावडीवर बोलावणं आलं. बाला चालवत न्हवतं, मी त्याला धरून नेलं, पाटलाच्या दारात टाकलेली काठी त्यानं टेकायला घेतली होती. साहेबांनी सांगितलं म्हणून काठी वाजवली, हे पाटलाला ठाऊक होतं, त्यानं डोळ्यांनी मोटार बघितली होती. पण साहेब निघून गेले होते आणि आमी हाती होतो. त्यानं आवाजसुद्धा चढवला न्हाई. म्हणाला, "पोराचं काही बरंवाईट झालं, तर तुमच्या वाड्यात चूल पेटायची न्हाई."

बानं काठी चावडीच्या पायरीवर आडवी ठेवली. पाटील म्हणाला, उचल. बा उभाच राहिला. पाटील परत म्हणाला, उचल. मी बाचा हात धरला आणि आमी मागं वळलो. आता गावात राहण्यात धोका होता.

माय, बा आणि मी, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. भाऊबंदांना म्हटलं, चला. ते न्हाई आले, कुठं येणार? टेकाडावरून मागं बघितलं तर पाटलाच्या घरापुढं माणसं जमून राहिली होती, नुसती उभी. लेक गेला का वाचला, ते आम्हाला तिथून कळलं न्हाई.

कनेरगाव नाक्यावर तोच शिपाई होता.

"कौन?"

बा सवयीनं वाकायला लागला. "म्हार हाय जी..."

मी त्याच्या खांद्याला धरून त्याला सरळ उभं केलं. त्याची पाठ दुखली असणार, तो कळवळला. तरी मी सोडलं न्हाई.

"लिंबाजी सखाराम," मी म्हणालो. "माझे वडील."

शिपाई कंटाळला होता. त्यानं जा म्हटलं. आमी नाका ओलांडला, आणि तिथं रस्त्याच्या कडेला बाला बसवून मी ठरवलं.

कॉलेज सोडायचं न्हाई. हा विषय मी त्यांच्यासाठी सोडणार न्हाई, तो त्यांच्या बापाचा न्हाई. सुट्टी संपली की त्याच वर्गात, पहिल्या बाकावर जाऊन बसायचं. चादरीवर माझा बाप पडेल, वाकलेला. मी उभा राहून त्याचं नाव सांगीन. पाठीत काठी कुणी घातली, ती वाजवायला कुणी लावली, तेही सांगीन. मग म्हणीन, आता तो आफ्रिकेचा फोटो लावा. त्याचं नाव मला ठाऊक न्हाई, म्हणून विचारीन. रोज विचारीन. स्कॉलरशिप काढतील, काढू देत. वर्गातून हाकलतील, तर दाराशी उभा राहून विचारीन. त्या माणसाचं नाव कळेस्तोवर मी त्यांना पुढचा फोटो लावू देणार न्हाई.