बोळिंजच्या बोहारणीचा फोटो

जुलियाना मिस निवृत्त होऊन वसईजवळच्या गास गावच्या घरी बसल्या, तरी मन विरारच्या कॉलेजातच होतं. माध्यमांचा विषय शिकवता शिकवता कितीतरी पोरं हाताखालून गेली, पण जीव अडकला तो एकाच तुकडीत.

त्या वर्षी विरारजवळच्या बोळिंजच्या सोसायट्यांत एक फोटो फिरत होता. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, डोक्यावर पाटी, हातात एका लहान मुलाचा हात. खाली लिहिलेलं, ‘मुलं पळवणारी बाई, सावध राहा.’

मिसनी वर्गात विचारलं, “हा कोणाकोणाकडे आलाय?” बहुतेक हात वर गेले.

“आणि हिला ओळखतं कोण?” सगळे हात खाली आले.

तास संपल्यावर क्षितिजा मागे रेंगाळली. “मिस, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो पप्पांनीच टाकलाय.”

मिसनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, “आधी खरं काय ते बघू. मी येते तुझ्याबरोबर.”

मिसबरोबर क्षितिजा, तिच्या वर्गातला सुमेध आणि गासचाच डेरिक बोळिंजमध्ये दारोदार फिरले. वॉचमननं हटकलं, काहींनी दारं लावून घेतली. शेवटी क्षितिजाच्याच सोसायटीतल्या आशालताताईंनी फोटोतल्या मुलावर बोट ठेवलं.

“हा तर माझा परेश. बॉलमागे रस्त्यावर धावला होता. हिनंच त्याला धरून गेटपर्यंत आणून सोडलं.”

बोहारणीचं नाव मंगूबेन. नालासोपाऱ्याच्या चाळीत ती सापडली. त्याच सोसायटीच्या गेटवर काही टवाळ पोरांनी तिला ढकललं होतं, भांडी रस्त्यावर फेकली होती. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती.

रविवारी आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये क्षितिजा उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. आशालताताई परेशला घेऊन तिच्या शेजारी येऊन थांबल्या. क्षितिजाचे वडील, रमेशराव, मान खाली घालून बसून होते.

पुढे बरेच दिवस ते लेकीशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना त्यांनी मोबाइल तिच्यासमोर सरकवला. “हे खरं आहे का बघ गं. अजून कोणाला पाठवलं नाही.” हे क्षितिजानं मिसना सांगितलं तेव्हा दोघींचे डोळे भरून आले होते.

मंगूबेन पुन्हा फेरीला निघाली. पण लोकांनी माफी मागूनही त्या सोसायटीच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही. क्षितिजा, सुमेध, डेरिक तिघांना ते फार लागलं. मिसनाही.

आता डेरिक पुण्यात आहे, सुमेध नाशिकच्या एका वर्तमानपत्रात. क्षितिजा वसईच्या एव्हरशाईन सिटीत शनिवारी आजी-आजोबांना बसवून मोबाइलवरची बातमी कशी पारखायची ते शिकवते. फोन येतात, पण भेटी होत नाहीत.

मिसना आठवते ती मीटिंगनंतरची संध्याकाळ. नाक्यावरच्या गाडीपाशी सगळे भजीपाव खात उभे होते. सुमेधनं सोसायटीच्या सेक्रेटरीची नक्कल केली आणि इतका वेळ रडवेली झालेली क्षितिजा खळखळून हसली.

“मिस,” तोंडात घास असतानाच डेरिक म्हणाला, “पुढच्या आठवड्यात काय शोधायचं?”