आठ बाय दहाचं भांडार

सरकारी इमारतीत जागा मिळते ती पदाला. मी सरकारी बांधकाम खात्यात आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा नोकर, त्यामुळे कुठल्या पदाला किती जागा याचं कोष्टक मला तोंडपाठ आहे. अधिकाऱ्याला दालन, लिपिकाला टेबलापुरती फरशी. पद मंजूर असलं की झालं, मग त्यावर माणूस असो वा नसो. आमच्या तालुक्याच्या नव्या प्रशासकीय इमारतीत मी कित्येक रिकाम्या पदांसाठी ओळीने टेबलं मांडली आहेत. आजही त्यांच्यावर धूळच बसते.

त्या कोष्टकात माझी आई नव्हती. ती पंचायत समितीत अर्धवेळ परिचर होती, आणि अर्धवेळवाल्यांना जागा धरायची पद्धत नव्हती. अर्धवेळ हा शब्द ज्याने शोधून काढला त्याला एकदा आईबरोबर दिवसभर फिरवायला हवं होतं. नागावहून सकाळच्या एसटीने निघून ती कुलपं उघडायची, झाडायची, पाणी भरायची, दिवसभर चहा आणि फायली वाहायची, आणि शेवटचा साहेब उठला की कुलपं लावून घरी यायची.

तिचे पाय सुजायचे. डॉक्टरांनी दुपारी अर्धा तास पाय वर घेऊन पडायला सांगितलं होतं. "कुटं पडू? सायबाच्या टेबलावर?" असं म्हणून ती हसायची. ती आणि तिच्यासारख्या आणखी तिघी जणी दोन कपाटांच्या मधल्या बोळात भाकरी खायच्या. कुणी फाईल काढायला आला की डबे उचलून उठायचं. साडी बदलायची तर एकीने पहाऱ्याला उभं राहायचं. अशी तिची नोकरी सरत आली होती.

पंचायत समितीही नव्या इमारतीत हलणार होती. तिचा नकाशा माझ्याकडे आला हे कळलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. "आमा बायकांना एक खोली काढशील? लहानशी चालंल. आतून कडी पायजे, बस."

मी म्हटलं, काढली म्हणून समज.

आणि काढलीही. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, आठ बाय दहाची. खिडकी अशी धरली की शेजारची सुपारीची वाडी दिसावी. खोलीत मी 'महिला परिचर कक्ष' असं लिहिलं आणि नकाशा तपासणीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ते खोडून 'भांडार' केलं.

ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. साहेबांना वामकुक्षीसाठी खोली हवी असली की ती 'अभिलेख कक्ष' म्हणून जाते. कोष्टकात जे बसत नाही ते दुसऱ्या नावाने बसवायचं, आणि इमारत उभी राहिली की गुपचूप हवं तसं वापरायचं. भांडाराला कोष्टकात जागा होती. बैठकीत त्या खोलीवरून कुणाचं बोटसुद्धा फिरलं नाही. मी स्वतःवर भलताच खूश झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला पुढे कळायचं होतं.

बांधकाम रेंगाळलं. आई एसटी स्टँडवर जाता-येता वाकडी वाट करून बघून यायची. खिडकीला गज लागले ते तिनेच मला सांगितलं. त्या तिघींना तिने बाहेरूनच खोली दाखवून ठेवली होती.

इमारत ताब्यात आली तेव्हा खोल्यांचं वाटप नकाशावर लिहिल्याप्रमाणे झालं. भांडार एका खात्याच्या वाट्याला गेलं. त्यांनी पहिल्याच सकाळी टेम्पो लावून मोडके पंखे, खुर्च्यांचे सांगाडे आणि कागदांची बोचकी आत कोंबली आणि कुलूप ठोकलं. मी धावत साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, ती खोली खरं तर परिचर बायकांसाठी धरली होती."

त्यांनी नकाशा उलगडला. "इथे काय लिहिलंय?"

"भांडार."

"आणि नकाशा कुणी काढलाय?"

खाली माझीच सही होती. साहेब काही वाईट माणूस नव्हता. नकाशाची घडी घालत तो म्हणाला, "अरे, बैठकीत बोलला असतास तर तिथल्या तिथे मंजूर केली असती. केवढीशी ती खोली! आता त्या खात्याकडून कशी काढून घेऊ?"

संध्याकाळी आई ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. कोष्टक, युक्ती, टेम्पो, साहेबांचं बोलणंही. तिने सुकटीतला हात काढला नाही.

"सायब देतो बोलले असते?"

"हो."

"मग तू लिवलंस का न्हाय?"

"लोकांनी विचारलं असतं, ही खोली कशाला, कुणासाठी."

"सांगायचं, आई हाय माजी तितं."

मी गप्प बसलो. आमच्या कार्यालयात माझी आई घरीच असते, असं मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो होतो. हे तिला मी कधी बोललो नव्हतो, पण त्या गप्प बसण्यातून तिला कळलं.

"लाज वाटली व्हय रं?"

मी नाही म्हणालो. फार मोठ्याने म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि भात टाकायला आत गेली. तो विषय तिने माझ्याजवळ पुन्हा काढला नाही. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं दीड वर्ष तिने त्याच नव्या इमारतीत काढलं. दुपारची ती कुठे बसायची, हे बघायला मी एकदाही गेलो नाही. माझं कार्यालय चालत पाच मिनिटांवर होतं. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी ती गेली.

जलदानविधीच्या दिवशी विहारातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी, आमच्या शेजारची काकी, माझा हात धरून बसली. "तुजी आय लय सांगायची रं त्या खोलीचं," ती म्हणाली. "खिडकीतनं सुपारीची वाडी दिसते, वर पंखा हाय, आतून कडी लावून दुपारची पाय वर करून पडते, म्हनायची. समद्यांची पोरं नोकरीला लागली, पर आयला खोली कुनी बांधली? तू बांधलीस."

काकीने डोळे पुसले आणि विचारलं, "आता कोन बसतं रं तितं?"

"तिच्याबरोबरच्या बायका," मी म्हणालो.