जामिनाआधीचा चहा

...तर इकडे बायको बिस्किटं आणायला आत गेल्याचं साधून पदार्थविज्ञानाचे सर आपल्याच घरी पेन पुढे धरून बसलेले, आणि बाई आपल्या निवांत चहा ढवळताहेत. काल गोष्ट सांगता सांगता गंमत नेमकी इथेच अडली होती.

बाई विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायच्या. तिथल्या पतपेढीतून कर्ज काढायचं, तर कुणा सहकाऱ्याने जामीन राहायला हवं. बाकीचे काय, जिन्यात गाठलं तरी भिंतीला कागद टेकवून सही ठोकायचे. बाईंची तऱ्हाच निराळी. "करते की सही. घरी येते, दोघं असाल तेव्हा." नवराबायको समोर बसल्याशिवाय त्यांचा हात कागदाला लागायचा नाही. सगळे त्यांना 'चहा कमिटी' म्हणायचे. बाईही ते हसण्यावारी न्यायच्या.

स्वतःच्या घरीही तोच खाक्या. पगार झाला की पगारपत्रक फ्रिजवर चिकटवायचं, पोरींनी वाचावं म्हणून. धाकटीने गिटार मागितली, तर म्हणाल्या, "वाच आणि सांग, कुठून काढू?" कार्टी म्हणते कशी, "बाबांच्या पेट्रोलातून!" बाबा बिचारे ग्रंथपाल, वर्षभर सायकल हाणली त्यांनी. पण गिटार आली हो!

आता या सरांचं दुखणं असं, की घरासाठी साठवलेली पुंजी त्यांनी शेअरबाजारात घालवली होती, आणि बायकोला पत्ता नव्हता. कर्ज काढून गुपचूप खड्डा बुजवायचा, असा बेत. बाकीचे आधीच कुणाकुणाला जामीन, म्हणून गाठ पडली बाईंशी. बायको बिस्किटं घेऊन येऊन बसली, तशी बाईंनी नेहमीसारखं सहज विचारलं, "कशासाठी काढतोयस रे कर्ज?"

बायको चमकली. "कर्ज? कसलं कर्ज?"

सर मनातल्या मनात थाप शोधू लागले. गाडीसाठी म्हणावं, की घरातल्या रंगासाठी? बाई काही मदतीला येईनात. बिस्किट बुडवत राहिल्या. शेवटी सरांनी सगळं सांगून टाकलं. बायको ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली, नळ धो धो सोडला. बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "कर्ज नको. घर उशिरा घेऊ. पण यापुढे बँकेचा पासवर्ड माझ्याकडे!"

कागद कोराच राहिला. बाईंना फाटकापर्यंत सोडायला आलेले सर पिसासारखे हलके झाले होते. म्हणाले, "बाई, आज मी थाप मारली असती तर?"

"तर चहा छान झालाय म्हणून घरी गेले असते. सही मात्र केली नसती. आणि उद्या परत चहाला आले असते. मला निवृत्त व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे, बाळा."