कासवाचा श्रावण

कासव आणायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ती नवऱ्याची. त्याच्या ऑफिसात कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की घरात कासव असलं की बरकत येते. मुलीला हवा होता कुत्रा, आणि आमच्या सोसायटीत कुत्रा चालत नव्हता. तेव्हा तडजोड म्हणून एका रविवारी सकाळी बापलेक वसई स्टेशनजवळच्या फिश टँकवाल्याकडून रबर लावलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत थोडं पाणी आणि पाण्यात रुपयाएवढं हिरवं पिल्लू. डोळ्यांमागे लाल रेघ, आणि चारही पाय पिशवीच्या भिंतीवर सारखे चालवत होतं.

"साफसफाई कोण करणार?" मी विचारलं. दोघंही पिशवीकडे बघत राहिले. उत्तर मला माहीत होतंच.

तो रविवार गटारीचा होता. मी मोरीपाशी बसून खाडीची कोळंबी सोलत होते. निळ्या टबात कासव सोडलं तेव्हा ते एका कोपऱ्यात मान आत ओढून बसलं. मुलगी रडवेली झाली. मी सहज एक कोळंबी सुरीने बारीक केली आणि एक तुकडा पाण्यात टाकला. मान बाहेर आली, क्षणभर थांबली, आणि गपकन तुकडा गेला. मग दुसरा. मग ते पुढच्या पायांनी ओरबाडून ओरबाडून खायला लागलं. सासूबाई सोफ्यावरून उठून बघायला आल्या. "अगो बाई, कोकणातलंच दिसतंय," त्या म्हणाल्या.

सासूबाईंचा जीव त्या पिल्लावर कसा जडला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सासरे जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्या तशा कोरड्या स्वभावाच्या. नातीचाही लाड मोजूनमापून. पण पिल्लाला चढून बसायला दगड हवा म्हटल्यावर त्यांनी देवघरातली जुनी, झिजलेली सहाण काढून दिली. पहिल्या दिवशी पाठीवर हळदकुंकूही वाहिलं. ते मी गुपचूप धुऊन टाकलं. ऊन नव्हतंच त्या दिवसांत, म्हणून नवऱ्याने टबावर टेबललॅम्प वाकवून बसवला. लाइट गेली की सासूबाई टबावर टॉवेल टाकायच्या, जसं काही बाळाला झोपवतायत.

आणि मग श्रावण लागला.

आमच्याकडे श्रावण म्हणजे अख्खा महिना. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. मासे, अंडं, काही घरात नाही. सुक्या जवळ्याचा डबासुद्धा समोरच्या फ्लॅटमधल्या भुईगावच्या ख्रिस्ती मावशींकडे मुक्कामाला जायचा आणि गणपती झाल्यावर परत यायचा. नवरा स्टेशनवर ऑम्लेट-पाव खाऊन यायचा, ते मला ठाऊक होतं. त्याच्या आईलाही बहुधा ठाऊक होतं. बाहेर खाल्लेलं कोणी धरत नसे.

कासवासाठी दुकानदाराने दाण्यांचं पाकीट दिलं होतं. त्याच्यावर कोळंबीचं चित्र होतं. मुलीने वाचून दाखवलं, आजी, यात कोळंबीची पावडर आहे. झालं. ते पाकीट त्याच दिवशी गॅलरीत, कुंड्यांमागे गेलं आणि पावसाने भिजून त्याचा लगदा झाला.

"आई, ते जनावर आहे," मी म्हटलं.

"घरात आलं ना? मग घरचं झालं. घरच्यांना श्रावण." त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट त्या त्याला मानच देत होत्या. म्हणूनच वाद घालता येईना.

त्याला काकडीचे काप मिळू लागले. भिजवलेली मूगडाळ, राजगिऱ्याची पानं, सोमवारी उपास सोडताना वरणभाताचं शीत. कासव प्रत्येक गोष्टीपाशी नाक नेई आणि वळून जाई. पाणी गढूळ व्हायचं, मी दिवसातून तीनदा बदलायचे आणि तोंडाने बडबडायचे. हळूहळू ते पोहेनासं झालं. सहाणेवर चढून डोळे मिटून बसायचं. "ध्यान लावलंय," सासूबाई म्हणाल्या. पण ते ध्यान नव्हतं. पापण्या सुजल्या होत्या. बोट लावलं तरी मान आत जात नव्हती. नवऱ्याने दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, लहान असताना याला मांसच लागतं, पाला मोठेपणी. मुलगी शाळेतून आली की दप्तर न काढताच टबाकडे धावायची आणि विचारायची, "आहे ना?"

मी म्हटलं, "मावशींकडे नेऊन भरवू या. तुमचा लेक नाही का बाहेर जेवून येत?" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की नवरा उठून बाथरूममध्ये गेला. "नाही म्हणजे नाही," त्या म्हणाल्या.

मला त्या 'नाही'चा राग आला, आणि तो नुसत्या कासवापायी नव्हता. मुलगी पोटात होती तेव्हाही श्रावणच होता. मी जूचंद्रची, खाडीकाठची. माझ्या माहेरी सोमवार तेवढे पाळायचे, बाकी दिवशी चुलीवर कालवण. त्या श्रावणात मावशींच्या दारातून जवळा भाजल्याचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि दुसरं काही घशाखाली उतरायचं नाही. धीर करून मी सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "गणपती गेले की खा." गणपती जाईपर्यंत डोहाळेही गेले. त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही, पण मनातून तो गेला नव्हता. डोळे मिटून बसलेल्या त्या पिल्लाकडे बघताना तो पुन्हा वर आला.

एका शनिवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर घराचं दार सताड उघडं. सासूबाई समोरच्या फ्लॅटमधून येत होत्या. हातात कागदाची पुडी. मागून मावशी म्हणत होत्या, "अजून लागला तर सांगा हां." सासूबाई माझ्याकडे न बघता टबापाशी खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, खाली बसणं त्यांनी सोडलं होतं. त्यांनी जवळा तळहातावर चोळला, आधीच आणून ठेवलेल्या कोमट पाण्यात भिजवला आणि एकेक कण कासवाच्या तोंडापाशी धरत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग जबडा हलला. एक कण गेला. सासूबाईंनी श्वास सोडला, तो मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ऐकू आला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझ्या वेळी नाही आणलात, आई."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"तेव्हा हे होते," त्या म्हणाल्या. पुढचा कण बोटावर घेत म्हणाल्या, "माझे दोन्ही वेळचे डोहाळे श्रावणातच आले. मी तर कुणाला सांगितलंसुद्धा नाही. तू निदान सांगितलंस. तेव्हा मला तुझा राग आला होता, हिला बोलता कसं येतं म्हणून."

इतक्या वर्षांत त्या माझ्याशी इतकं सलग कधी बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. वासाने घर भरून गेलं होतं, देवघरासकट. कासवाने दुसरा कण घेतला, मग मान लांब करून तिसरा मागितला.

सासूबाईंनी पुडी माझ्यापुढे केली. "तुला देऊ चिमूटभर भाजून?"

"नको," मी म्हटलं. "विचारलंत, पोट भरलं."

उरलेला श्रावण आमच्या घरात रोज जवळा आला. तो खाल्ला फक्त कासवाने. आम्ही दोघींनी आपापला श्रावण पुरा पाळला, आणि संध्याकाळी त्याला भरवायला मात्र आळीपाळीने नाही, दोघी मिळून बसलो.